ना पंखा, ना माणूस, वेग मुंगीचा : ध्रुवीय समुद्रात ग्लायडर सोडतात ते नेमकं कशासाठी?

खडूफळा
मंडळी, बरेच दिवस एक शंका डोक्यात घोळतेय. परवा एका माहितीपटात पाहिलं, रबरी बोटीतून दोघांनी पिवळ्या रंगाचं, आखूड पंखांचं एक टॉर्पेडोसारखं धूड अंटार्क्टिकाच्या पाण्यात अलगद सोडलं. शेपटी हलली, नाक खाली गेलं आणि गायब. निवेदक म्हणाला, आता हा ग्लायडर काही महिने एकटाच समुद्राचं तापमान मोजत फिरेल. वेग किती, तर सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर. म्हणजे ताशी एक किलोमीटरसुद्धा धड नाही!

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे प्रश्न दोन. एक, पंखा नसताना हे पुढे सरकतं कसं? दोन, रोज अख्ख्या पृथ्वीचं तापमान घेणारे उपग्रह वर असताना हा उपद्व्याप कशाला? मला तर हे हौशी लोकांचं महागडं खेळणं वाटलं. चूक असेन तर कान पकडा.

उपटसुंभ
पहिला! हातपाय न हलवता महिनोन्महिने टिकून राहणारे आमच्या ऑफिसातही बरेच आहेत. फक्त ते तापमान मोजत नाहीत, वाढवतात.

शिडाची_होडी
खडूफळा सर, कान पकडते. शिकत असताना दोन वर्षं ग्लायडर ‘चालवण्याचं’ काम केलंय. चालवणं म्हणजे किनाऱ्यावर खुर्चीत बसून त्याच्या फोनची वाट बघणं (पाण्यावर आला की तो उपग्रहामार्फत आकडे पाठवतो, तोच ‘फोन’).

ग्लायडर पोहत नाही. तो पडतो. आधी खाली पडतो, मग वर ‘पडतो’. पोटात थोडं तेल असतं आणि कवचाच्या बाहेरच्या बाजूला एक रबरी फुगा. तेल आत ओढून घेतलं की फुगा आक्रसतो. वजन तेच, आकारमान कमी, म्हणजे घनता वाढली, म्हणून बुडायला लागतो. पंख असल्यामुळे सरळ खाली न जाता तिरका घसरतो, आणि ते तिरकं घसरणं हाच त्याचा प्रवास. १००० मीटरवर पोचला की पंप तेल परत फुग्यात ढकलतो आणि स्वारी तशीच तिरकी वर येते. करवतीच्या दात्यांसारखा मार्ग. अशा एका फेरीला पाच-सहा तास लागतात आणि तेवढ्यात चारेक किलोमीटर अंतर कापलं जातं.

मला सगळ्यात आवडायची ती बॅटरीची युक्ती. बॅटरी हेच आतलं सगळ्यात जड सामान, म्हणून तिलाच पुढेमागे सरकवतात. पुढे सरकली की नाक खाली, मागे आली की वर. थोडी फिरवली की अंग एका बाजूला कलतं आणि वळण मिळतं. खरा वीजखर्च तळाशी, कारण तिथे शंभर वातावरणांच्या दाबाविरुद्ध तेल बाहेर ढकलायचं असतं. सीग्लायडर जातीच्या यंत्राचा सरासरी खर्च अर्ध्या वॉटच्या आसपास पडतो. म्हणून तर महिनोन्महिने चालतो. वेग हवा असेल तर पंखा लावा, पण मग काही तासांत किंवा दिवसांत बॅटरी बदलायला जहाज पाठवा.

उपग्रहाचं म्हणाल तर त्याला समुद्राची फक्त कातडी दिसते, जेमतेम मिलिमीटरभर. त्याखाली काय शिजतंय ते कळत नाही. त्यात वर बर्फ असेल तर बघायलाच नको.

रोखठोक
वर्णन झकास, पण दुसरा प्रश्न शिल्लकच आहे. अर्गो फ्लोट नावाचा प्रकार आहे ना? जगभरात सुमारे ४००० सोडलेत, दर दहा दिवसांनी २००० मीटरपासून वरपर्यंत मोजमाप करून उपग्रहाला कळवतात. ग्लायडरपेक्षा स्वस्त, दुप्पट खोल, आणि चालवायला खुर्चीत कुणी बसावं लागत नाही. मग तुमचं दुकान कशाला?

उपटसुंभ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिडाची_होडी
@रोखठोक, प्रश्न रास्त आहे. अर्गो उत्तमच, आमचे आकडे आम्हीही त्याच्याशी ताडून बघायचो. पण तो प्रवाहपतित, पाणी नेईल तिकडे जाणार. मला समुद्रतळावरच्या ठरावीक दरीच्या तोंडाशी आठवड्यातून तीन वेळा मोजायचं असेल तर तो कामाचा नाही. ग्लायडरला सांगता येतं, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, परत ये, पुन्हा जा. समुद्राचा उभा छेद मिळतो, तोही पुन्हा पुन्हा.

आणि ध्रुवाकडे हे जास्त लागतं. तिथले भोवरे छोटे असतात. उष्ण कटिबंधात भोवरा शे-दोनशे किलोमीटरचा, ध्रुवीय समुद्रात कित्येकदा दहा किलोमीटर किंवा त्याहूनही कमी. उष्णता खंडाच्या कडेवरून आत येते ती बरीचशी असल्या भोवऱ्यांच्या पाठीवर बसून. दहा दिवसांतून एकदा कुठेतरी वर येणाऱ्या फ्लोटच्या जाळ्यातून ते सहज निसटतात.

पाणकावळा
थोडा इतिहास. ‘खाली काय शिजतंय’ हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते फ्रिट्योफ नान्सेन या नॉर्वेजियन संशोधकानं. १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज त्यानं मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतलं आणि १८९६ पर्यंत ते बर्फाबरोबर वाहवत गेलं. (नान्सेन स्वतः मधेच उतरून एका सोबत्यासह ध्रुवाकडे चालता झाला, ती वेगळीच कथा.) त्या मोहिमेत बर्फातल्या भोकांतून थर्मामीटर सोडले, तर वरचं पाणी गोठणबिंदूला टेकलेलं आणि दोनेकशे मीटरखाली शून्याच्या वर! अटलांटिकचं कोमट पाणी थंड पाण्याच्या खाली शिरून बसलं होतं.

बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता थोडा उजवीकडे सरकतो हेही नान्सेननं तिथेच टिपलं. एकमन या शास्त्रज्ञानं त्याचं गणित नंतर मांडलं. अडकून पडणं कधीकधी फायद्याचं असतं.

खडूफळा
थांबा थांबा. गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली, हे मी वीस वर्षं शिकवतोय. कोमट पाणी थंडाच्या *खाली* कसं राहील?

बिनीचा_शिलेदार
सर, ४ अंशांची गोष्ट विसरलात काय? पाणी ४ अंशांना सगळ्यात जड. म्हणून ४ अंशांचं खाली, ० अंशाचं वर. सोप्पंय!

शिडाची_होडी
@बिनीचा_शिलेदार, ते गोड्या पाण्याचं, तळ्यांना लागू. समुद्राचं पाणी पुरेसं खारट असतं (हजारात २५ भागांच्या वर मीठ), आणि अशा पाण्यात ती ४ अंशांची गंमत उरत नाही. गोठेपर्यंत ते जडच होत जातं.

खरी मेख मिठाची आहे. गोठणबिंदूच्या आसपास तापमान अंशभर बदललं तरी घनता फारशी हलत नाही, पण मीठ जरा कमीजास्त झालं की लगेच हलते. आर्क्टिकमध्ये नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी वर असतं. ते थंड, पण कमी खारट, म्हणून हलकं. अटलांटिकचं पाणी कोमट, पण खारट, म्हणून जड. तो हलका थर झाकणासारखा बसलाय म्हणून खालची उष्णता वरच्या बर्फाला लागत नाही. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात हे झाकण पातळ होत चाललंय आणि अटलांटिकचा अंमल पुढे सरकतोय. आता सांगा, असं झाकण वरून बघून समजेल का?

खडूफळा
माझ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची जाहीर माफी मागतो. पुढे लिहा.

सागरगोटा
दक्षिणेकडची बाजू मी लिहितो, वाचनातून आहे, चूभूद्याघ्या.

अंटार्क्टिकाभोवती खोलवर एक पाणी फिरतं, तापमान साधारण +१ अंश. ऐकायला गारच. पण समुद्राचं पाणी गोठतं उणे १.९ च्या आसपास, म्हणजे बर्फाच्या दृष्टीनं हे पाणी जवळजवळ तीन अंश ‘गरम’. त्यात आणखी एक गोम. दाब वाढला की गोठणबिंदू उतरतो, दर १००० मीटरला पाऊण अंश. म्हणजे वर जे पाणी अगदी गोठायला आलेलं असतं, तेच हजार मीटरवरच्या बर्फाच्या तळाला जाऊन भिडलं तर बर्फ वितळवू शकतं!

पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राच्या तळाशी जुन्या हिमनद्यांनी खणलेल्या खोल दऱ्या आहेत. हे कोमट पाणी त्यांतून थेट आइस शेल्फच्या खाली घुसतं (आइस शेल्फ म्हणजे हिमनदीचं समुद्रावर तरंगणारं टोक). थ्वेट्स हिमनदी तिथलीच. ती पूर्ण गेली तर जगभरचा समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटर चढेल.

रोखठोक
पण तरंगणारा बर्फ वितळून पाण्याची पातळी वाढत नाही. आर्किमिडीज. ग्लासातला बर्फाचा खडा.

सागरगोटा
शेल्फपुरतं बरोबर. पण शेल्फ हा बुचासारखा आहे, मागच्या जमिनीवरच्या बर्फाला अडवून धरतो. बूच झिजलं की मागचा बर्फ वेगानं समुद्रात उतरतो, आणि तो तरंगत नव्हता.

रोखठोक
मान्य. पुढचा प्रश्न : बर्फाखाली तुमचा ग्लायडर फोन कुठून करणार?

दर्यावर्दी
उत्तर येईपर्यंत माझं अवांतर. पंचवीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. ब्रिजवरून एकदा असलाच पिवळा अँटेना लाटांत उभा दिसला होता. आधी वाटलं मासेमाऱ्यांचं बोयं असेल. वळसा घालून गेलो. कॅप्टन म्हणाला, हे लोक जहाजांच्या वाटेत खेळणी सोडतात आणि मग आपल्यालाच जपून जावं लागतं!

एका जातीच्या ग्लायडरचं नाव ‘स्लोकम’ आहे, ते जोशुआ स्लोकमवरून. १८९५ ते ९८ मध्ये ‘स्प्रे’ नावाच्या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याला पोहता येत नव्हतं म्हणतात. ग्लायडरलाही येत नाही, वर होडीताईंनी सांगितलंच आहे. ‘स्प्रे’ नावाचाही ग्लायडर आहे. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या मंडळींनी एक स्लोकम न्यू जर्सीहून सोडला, तो २२१ दिवसांत अटलांटिक ओलांडून स्पेनच्या किनाऱ्याला लागला. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्रात चिनी नौदलानं एक अमेरिकन ग्लायडर उचलून नेला, चारपाच दिवसांनी परत दिला. त्यावरून केवढं रामायण झालं होतं!

पाणकावळा
@दर्यावर्दी, भर घालतो. ही कल्पना हेन्री स्टॉमेल या समुद्रशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये एका लेखात रंगवली होती. लेख लिहिलाय २०२१ साली बसून मागे वळून बघितल्यासारखा, समुद्रभर ग्लायडरांचा ताफा फिरतोय वगैरे. तेव्हा लोकांना तो गंमतीचा मामला वाटला असणार. यंत्र घडवणारा डग वेब हा त्याचा मित्र. स्टॉमेल १९९२ मध्ये गेला, त्याला हा ताफा बघायला मिळाला नाही.

शिडाची_होडी
@रोखठोक, बर्फाखाली फोन नाही. जीपीएसही नाही, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. होकायंत्राचेही हाल. चुंबकीय ध्रुवाजवळ सुई आडवी राहायच्या ऐवजी खाली बोट दाखवायला लागते, मग दिशा कळणार कशी?

मग आवाज वापरतात. ठरलेल्या जागी पाण्यात ध्वनियंत्रं टांगतात, ती ठरलेल्या वेळी आवाज देतात. ग्लायडर तो ऐकतो, पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आणि दोन-तीन आवाजांवरून आपण कुठे आहोत ते ठरवतो. कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या डेव्हिस सामुद्रधुनीत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी हे हिवाळ्यात बर्फाखाली करून दाखवलं. वर येताना वरचं पाणी गोठणबिंदूच्या अगदी जवळ लागलं, तर ‘वर बर्फ असणार’ असं समजून डोकं न आपटता परत बुडी मारायची, हेही शिकवून ठेवता येतं. आकडे पोटात साठवायचे आणि मोकळं पाणी लागलं की सगळं एकदम पाठवायचं. २०१८ च्या जानेवारीत असे सीग्लायडर अमुंडसेन समुद्रातल्या डॉटसन आइस शेल्फकडे सोडले होते. वर्ष उलटून गेल्यावरही ती तुकडी काम करत होती.

पाठवायला इरिडियमचे उपग्रह. विषुववृत्तावर ठाण मांडून बसणारे दळणवळणाचे उपग्रह ध्रुवावरून क्षितिजाखाली जातात, इरिडियमचे ६६ मात्र ध्रुवांवरूनच ये-जा करतात. त्यामुळे भर समुद्रातच काय, ध्रुवाजवळही रेंज हमखास मिळते.

उपटसुंभ
म्हणजे आमच्या घरापेक्षा ध्रुवावर रेंज चांगली. कळलं.

रोखठोक
जे परत आले त्यांच्याच गोष्टी सांगताय. जे आले नाहीत त्यांचं काय?

सागरगोटा
आहेत की. पण ती यंत्रं पंख्याची होती, ग्लायडर नव्हेत. ब्रिटिशांचं ‘ऑटोसब-२’ २००५ मध्ये अंटार्क्टिकातल्या फिम्बुल आइस शेल्फखाली गेलं ते तिथेच राहिलं. स्वीडिश लोकांच्या ‘रान’नं २०२२ मध्ये डॉटसनच्या बर्फाचं पोट खालून तपासलं, त्यावर थेंबाच्या आकाराचे खळगे सापडले, तसे आधी कुणी पाहिले नव्हते. २०२४ मध्ये ते पुन्हा तिथेच गेलं आणि परत आलं नाही. बर्फाखाली दोर बांधून जाता येत नाही, धोका पत्करावाच लागतो.

आणि हो, ‘बोटी मॅकबोटफेस’ही पंखेवालंच. ब्रिटिशांनी नव्या संशोधन जहाजाला नाव सुचवा म्हणून लोकांना विचारलं, लोकांनी हे नाव निवडलं. जहाजाला द्यायचा धीर झाला नाही, म्हणून पिवळ्या पाणबुडीला दिलं.

शिडाची_होडी
हरवायची भीती म्हणजे काय ते सांगते.

उत्तरेकडे बर्फाच्या कडेजवळ आमचा एक ग्लायडर होता. असा ग्लायडर सोडण्याआधी टाकीत तोलतात. ५० किलोच्या वर वजनाच्या यंत्रात शिशाच्या पट्ट्या ग्रॅमच्या हिशोबानं घालायच्या, कारण वरखाली होण्यासाठी त्याच्याकडे असतं ते फक्त काही शे मिलिलीटर तेल. आम्ही तोललं होतं नेहमीच्या खारट पाण्यासाठी. एका रात्री फोन आला नाही. सहा तासांचा फेरा, आठ तास झाले, नऊ झाले. पडद्यावर शेवटच्या बुडीची ओळ तशीच. मी चहा... काय प्यायले तेही आठवत नाही. अकराव्या तासाला फोन आला.

आकडे उतरवले तेव्हा कळलं. वितळलेल्या बर्फाचा गोडसर थर वर पसरला होता, आमच्या हिशोबापेक्षा घनमीटरमागे चारेक किलोनं हलका. पन्नास लिटर आकारमानाच्या ग्लायडरला तेवढ्यानं २०० ग्रॅमचा फटका बसतो. सगळं तेल बाहेर ढकलूनही तो ६ मीटरवर येऊन थांबत होता. पृष्ठभाग डोक्यावर, आणि वर येता येत नाही. आलेखावर तीच रेघ तीनदा, ६ मीटरला सपाट. शेवटी वाहत त्या थराच्या बाहेर गेला तेव्हा अँटेना वर निघाला.

गंमत म्हणजे त्या मोहिमेतला सगळ्यात कामाचा भाग तोच ठरला. तो थर किती जाड, किती गोड, कुठे संपतो, याची मोजणी जहाजानं झाली नसती. जहाज गेलं की पाणी ढवळलं जातं, वरचे पाच-दहा मीटर तर हमखास.

बिनीचा_शिलेदार
सील माशांच्या डोक्यावरही सेन्सर चिकटवतात असं वाचलंय. खरं का?

शिडाची_होडी
सील मासा नाही हो. पण खरंय. एलिफंट सील १००० मीटरच्या खाली सहज जातात, तेही बर्फाळ हिवाळ्यात, जिथे जहाज फिरकत नाही. अंटार्क्टिकाच्या कडेचे हिवाळ्यातले कितीतरी आकडे त्यांच्याच कृपेनं मिळालेत. वर्षातून एकदा केस झडतात तेव्हा यंत्रही गळून पडतं. फक्त कुठे जायचं ते सील ठरवतो, आपण नाही.

उपटसुंभ
पगार मासळीत. बॅटरी बदलायची कटकट नाही. ग्लायडर संघटनेनं निषेध नोंदवावा.

पाणकावळा
एकाच जागी ठाण मांडून मोजायची पद्धतही आहे. भारताचं ‘इंडआर्क’ २०१४ मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत १९२ मीटर खोलीवर असंच नांगरून ठेवलं होतं. ते काळाचा आलेख देतं, ग्लायडर जागेचा. दोन्ही लागतात.

रोखठोक
माझा मुद्दा थोडा सुधारून घेतो. खेळणं नाही, मान्य. पण ग्लायडर आले म्हणून जहाजांचे पैसे कापा, असं म्हणणारे लोक असतात, त्यांना काय सांगाल?

शिडाची_होडी
@रोखठोक, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत), जहाजं हवीतच. क्षारतेचा सेन्सर महिनोन्महिने पाण्यात राहिला की हळूहळू घसरतो, त्यावर शेवाळ-बिवाळ धरतं. घसरण एवढी लहान की नुसत्या आकड्यांवरून खरा बदल कुठला आणि सेन्सरची खोट कुठली ते कळत नाही. आणि समुद्राच्या खोलातली तापवाढ अंशाच्या शंभराव्या-हजाराव्या भागांत मोजावी लागते. म्हणून शेवटी जहाजावरून बाटलीत पाणी घेऊन प्रयोगशाळेत ताडून बघावंच लागतं. ग्लायडर नेणारं आणि आणणारंही जहाजच. ज्यांना जहाजं नको आहेत त्यांनी आमचं नाव पुढे करू नये. यावरून मी बैठकीत भांडलेसुद्धा आहे.

दर्यावर्दी
जहाजांची बाजू घेतल्याबद्दल ताईंना सलाम.

खडूफळा
मूळ प्रश्नाकडे येतो. पृथ्वीच्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्र पोटात घेतो हे मी फळ्यावर लिहायचो, पण ती पोटात *कुठे* बसते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ‘खेळणं’ हा शब्द मागे घेतो. अर्धा. कारण काल वर्गात खेळणंच केलं.

पाण्यानं भरलेली बाटली, आत अर्धवट पाणी भरलेला ड्रॉपर. बाटली दाबली की ड्रॉपरमधली हवा आकसते आणि तो बुडतो, सोडली की वर येतो. हा प्रयोग दरवर्षी करतो. यंदा ड्रॉपरला जुन्या प्लास्टिक फायलीचे दोन पातळ पंख चिकटवले आणि टोकाला तारेचा वेढा दिला. दाबली. सरळ खाली न जाता तिरका निघाला! वर्गात आरडाओरडा. दुसऱ्या खेपेला तिरका जाऊन बाटलीच्या खांद्याखाली पंख अडकले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, बर्फाखाली गेला.

उपटसुंभ
बाटली सोडल्यावर वर आला का?

खडूफळा
नाही. शेवटी बाटली उलटी करून हलवावी लागली.

शिडाची_होडी
आमच्याकडे ती सोय नव्हती.